दोन ते चारचा वर्ग

२२ जून १९९२, धुळे
तीस वर्षांपूर्वी रावेरच्या रेस्ट हाऊसच्या पायरीवर आम्ही दोघं भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो. तास-दीड तास कोणीच काही बोललं नाही. मग हे म्हणाले, शेंगा संपल्या. एवढंच. हे जाऊन तीन वर्षं झाली, आणि आज दुपारी नेमकं तेच आठवत बसले.
प्लॅन: दिवाळीपर्यंत घर आवरायचं आणि नागपूरला मुलाकडे, अजितकडे जायचं. तोपर्यंत टाइमपास म्हणून साक्षरतेच्या वर्गाला हो म्हटलं. पलीकडच्या वस्तीतल्या बायका, आमचा व्हरांडा, दुपारी दोन ते चार. गुंतायचं नाही.

१ जुलै
हजेरी तीन. एक झोपली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आग्नेस म्हणायच्या, या मुलीला पेशन्स नाही. मी तिला उठवलं नाही. हाच पेशन्स.
नियम केला: व्हरांड्यात येताना पाय धुवायचे. हसायचं नाही.

२ जुलै
हजेरी चौदा. काल मी 'घर' हा शब्द फार मनापासून शिकवला होता, त्याचा परिणाम. सगळ्या हंडे-कळश्या घेऊन आल्या. बायकांना मोकळ्या हातानं बाहेर पडायची सवय नसावी. चारला आमच्या अंगणातला नळ येतो, जाता जाता भरून नेतात. मी नाही म्हणत नाही.

११ जुलै
निरीक्षण: एक दिवस चौदा, एक दिवस तीन-चार. शिकण्याची ओढ प्रौढ वयात दिवसाआड लागत असावी. नळही दिवसाआडच येतो, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं.

१५ जुलै
झुंबरबाई सगळ्यांत हुशार. वय पंचेचाळीसच्या आसपास, भाजी विकते. आल्या आल्या विचारते, बाई, नळ उना का? म्हणजे आला का. मी म्हणते, आधी अक्षर. आज ती म्हणाली, बाई, तुम्ही 'बसा हं' म्हणतस ना, आम्हले पाव्हण्यासारखं वाटस. मी थँक यू म्हटलं. बाकीच्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

२० जुलै, संध्याकाळी
झुंबरबाईची मुलगी पिंपळनेरला दिली आहे. इतकी वर्षं झुंबरबाई तिच्याकडे जायला स्टँडवर लोकांना विचारत फिरायची, कोणती गाडी जाते म्हणून. दोनदा तिला कोणीतरी चुकीच्या गाडीत बसवलं होतं. काल तिनं पाटी स्वतः वाचली, गाडीत चढली, मुलीला भेटून आली. हंडा न घेता मला एवढं सांगायला आली आणि निघून गेली.
ती गेल्यावर माझ्या तोंडून शाळेच्या चॅपलमधली प्रार्थना आली. आख्खी. हे गेल्यापासून एक ओळही म्हटली नव्हती. छातीत काहीतरी भरून आलं होतं. अ‍ॅसिडिटी असावी.

९ ऑगस्ट, रविवार
आज मुद्दाम जादा वर्ग, परीक्षा. प्रश्नपत्रिका हातानं चौदा वेळा लिहिली. एकही बाई आली नाही. वस्तीत घरोघर कानबाई बसल्या आहेत म्हणे, इकडची श्रावणातली देवी. वीस वर्षं धुळ्यात राहून मी परीक्षा नेमकी आजच ठेवली. चारपर्यंत बसून राहिले, कोणी उशिरा आलं तर असावं म्हणून.

१० ऑगस्ट
विसर्जनाची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. झुंबरबाईच्या डोक्यावर कानबाईचा पाट. इकडे बघितलं नाही. डोक्यावर देव असताना मान वळवता येत नाही, हे मी समजू शकते.

५ सप्टेंबर
वस्तीत नवं नळकोंडाळं झालं. बरं झालं, बायकांची पायपीट वाचली.
अजितचा फोन. घराला गिऱ्हाईक आहे, दसऱ्याच्या आत हो-नाही सांग म्हणतो. मी म्हटलं, चौदा बायका माझ्यावर अवलंबून आहेत.

७ सप्टेंबर
हजेरी दोन. ऊन फार.

९ सप्टेंबर
हजेरी शून्य. ढग फार.

१६ सप्टेंबर
शून्य. पितृपक्ष लागला. पुढे कापूस वेचणी आहेच. तरी फळा रोज पुसते.

२२ सप्टेंबर
ताईबाई म्हणून एक म्हातारी आहे वर्गात. ती विसरलेली पिशवी न्यायला आली. मी विचारलं, बायका कुठे असतात गं. म्हणाली, बठ्ठ्या झुंबरबाईना ओटावर शेतस, म्हणजे सगळ्या तिकडेच आहेत. झुंबरबाई शिकाडस. किती जणी? तिनं बोटं मोजली, मग म्हणाली, बावीस.
मी तिकडे जाणार नाही. मला बोलावलेलं नाही.

२४ सप्टेंबर
गेले. फक्त दर्जा बघायला.
भिंतीवर कोळशानं लिहिलेलं. पहिलं अक्षर 'प', पिंपळनेरचा. पुस्तकात हा क्रमच नाही. एक बाई चुकली तर सगळ्या हसल्या, चुकलेली सुद्धा. माझ्या वर्गात तीन महिने कोणी हसलं नव्हतं. मी त्याला शिस्त समजत होते.
झुंबरबाई म्हणाली, या बाई, आणि सरकून जागा केली. नंतर मी विचारलं, माझ्याकडे का येत नाही. ती सरळ म्हणाली, पानीकरता येत होतूत बाई. बसता बसता अक्षरं बी उनात. तुमना व्हरांडामां पाय धुईसन येनं पडे, अठे जश्या शेतस तश्या बसतस.
मी उठले. तेव्हा ती म्हणाली, जोडाक्षरं मले येत नही. पुढला शनिवारले या. अर्धा तास. मग बघू.
घरी येऊन प्रार्थना म्हटली. या वेळी ठरवून.

३ ऑक्टोबर, शनिवार
ओट्यावर खाली बसून 'क्क' शिकवला. ताईबाई माझ्या अक्षराला हसली. मीही हसले.
अजितला फोन केला. घर विकायचं नाही, मला इथे काम आहे. त्यानं विचारलं, आठवड्याला किती तास? मी म्हटलं, लाइन नीट लागत नाही.
उद्या द्यायच्या वस्तू:
फळा आणि खडूचा खोका: झुंबरबाई.
मोठी सतरंजी: ओट्यासाठी. ताईबाईच्या गुडघ्याखाली दुहेरी घालायची.
चौदा पाट्या: वर्गाला. कमी पडतील, आठ आणायच्या.
माझी खुर्ची: कोणालाही. तिकडे लागत नाही.
ह्यांचं मनगटी घड्याळ: अजितला द्यायचं ठरलं होतं. सध्या माझ्याकडे. अर्धा तास बघायला लागतं.