एकसारखे डबे

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मी सांभाळते त्या हॉस्टेलवर परीक्षांचा हंगाम आहे, आणि परीक्षा जवळ आल्या की इथल्या मुलींची पोटं, दाढा आणि प्रेमप्रकरणं एकदमच दुखायला लागतात. हे झालं सांगायचं कारण. खरं म्हणजे मी राग निवळायची वाट बघत होते. तो काही निवळत नाही, म्हणून आहे तसाच पाकिटात घालून पाठवतेय. आईचा चांगला दिवस कोणता, सकाळी गेलं तर ती ओळखेल की संध्याकाळी, असं तू विचारलं आहेस. सांगते, पण माझ्या पद्धतीने. तुला घाई असली तरी आज शेवटपर्यंत वाचावं लागेल.

तुला आपलं स्वयंपाकघर आठवतं का? तू तर त्या फळीकडे बघायलाही लाजायचास. जॅम संपला, मध संपला, कॉफी संपली की आई रिकामी बरणी कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, नखाने कागद खरवडायची आणि झाकण उन्हात वाळवायची. शेजारणी तिला बरणीबाई म्हणायच्या. शाळेत तुला बरणीबाईचा मुलगा म्हणून चिडवलं, तेव्हा तू घरी येऊन दोन बरण्या फोडल्यास आणि मार मी खाल्ला. पण तिचा एक नियम होता. एकदा बरणीत जे गेलं ते जन्मभर त्याच बरणीत. सहाकोनी मधाच्या बरणीत मीठ, बुटक्या जॅमच्या बरणीत साखर, चौकोनी खांद्यांच्या कॉफीच्या बरणीत चहा आणि झाकणाला पोचा आलेल्या बरणीत कपड्यांचा सोडा. लोकांचे कपडे शिवायची त्या टेबलावर तुझ्या बाळपणीच्या खाऊच्या बाटल्या होत्या, त्यांत बटणं. नुसती हलवून ती सांगायची, ही शर्टाची, ही कोटाची. बरणी बघायची नसते, धरायची असते, असं म्हणायची. आपण हसायचो. म्हातारीचे चोचले, असं तू लग्नानंतर म्हणायला लागलास.

मग तिच्या वाढदिवसाला तू आणि तुझ्या बायकोने तिला आश्चर्याचा धक्का द्यायचं ठरवलंत. तिला दिवसभर माझ्याकडे पाठवलंत, भंगारवाल्याला बोलावलंत आणि फळी रिकामी केलीत. संध्याकाळी ती परत गेली तेव्हा तिथे एका मापाचे, एका रंगाचे, एका झाकणाचे डबे ओळीत उभे होते. प्रत्येकावर तुझ्या बायकोने सुरेख अक्षरात चिठ्ठी लावली होती. अक्षर खरंच सुरेख आहे तिचं, त्यात खोट काढत नाही. फोटो पाठवला होतास मला. त्यात आई डब्यांसमोर उभी आहे आणि भलतीकडेच बघून हसते आहे. छान झालं रे, म्हणाली असेल. दुसरं काय म्हणणार बिचारी.

त्यानंतरचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पाहुण्यांच्या चहात मीठ पडलं. रश्शात सोडा पडला आणि घरभर फेस झाला. तुझ्या लेकीच्या फ्रॉकला कोटाचं बटण लागलं, आणि तुझ्या बायकोने ते सगळ्यांना दाखवलं. तू तिला डॉक्टरांकडे नेलंस. त्यांनी कागद पुढे करून विचारलं, यावर घड्याळ काढा, हे चित्र कशाचं आहे, हे वाक्य वाचा. ती प्रत्येक वेळी म्हणाली, आठवत नाही. डॉक्टरांनी मान हलवली, तूही हलवलीस आणि महिन्याभरात तिचं सामान वृद्धाश्रमात गेलं. तिच्या घराला भाडेकरूही लगेच मिळाला. हे सगळं मला तू झाल्यावर कळवलंस, लग्नाची पत्रिका उरली म्हणून एखाद्याला द्यावी तसं.

मी तिला भेटायला जाते, हे तुला माहीत आहे. तिथे काय बोलतो ते तू कधी विचारलं नाहीस. पहिल्यांदा गेले तेव्हा जॅम नेला होता. संपल्यावर बरणी टाकू नकोस, म्हणाली. आता तिच्या उशाशी तीन बरण्या आहेत, एकीत कवळी, एकीत केसांचे आकडे आणि एकीत बडीशेप. हात पुढे करते आणि हवी तीच उचलते. एक दिवस मी गंमत म्हणून त्यांच्या जागा बदलल्या, तरी ती चुकली नाही. पण मी तोंडासमोर बोट नाचवलं तर तिची पापणी हलेना. धाकट्या, आईचं डोकं ठणठणीत आहे. डोळे गेलेत तिचे. तू डबे आणलेस त्याच्या कितीतरी आधी गेलेत. बरण्यांच्या जोरावर तिने आपल्या कुणाला पत्ता लागू दिला नाही.

मग डॉक्टरांना का सांगितलं नाहीस, म्हणून मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, अगं, विसराळू शिंपिणीकडे लोक कपडे टाकतात, आंधळीकडे कोण टाकेल? वेंधळी म्हटलेलं चालेल, आंधळी नको. अशी अक्कल जगात फक्त आपल्या आईलाच सुचू शकते. चल माझ्याकडे, म्हटलं, तर नाही म्हणाली. ही खोली हाताला पाठ झाली आहे, आता या वयात नवी भिंत चाचपत बसायची ताकद नाही. मी खूप रडले, आणि तिने मला रडू दिलं.

आता तुझा प्रश्न. मागच्या वेळी तू गेलास, तिचा हात हातात घेतलास आणि ती म्हणाली, आपण कोण? तू बाहेर येऊन भिंतीला टेकून रडलास, हे मला तिथल्या मावशींनी सांगितलं. पत्रात तू लिहिलं आहेस, तिला काही कळत नाही हे एका परीने बरंच, निदान दुःख तरी होत नाही. याच ओळीसाठी मी हे पत्र लिहायला बसले. तू जिना चढत होतास तेव्हाच तुझ्या खोकल्यावरून तिने तुला ओळखलं होतं. तू बारीक झाला आहेस, हेही तिला मनगटावरून कळलं. मग असं का केलंस, विचारलं मी. ती म्हणाली, ओळखलं तर तो माफी मागेल आणि मग मला ती द्यावी लागेल. तुला हे सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. मी ती मोडते आहे. तेव्हा सकाळी जा, संध्याकाळी जा, केव्हाही जा, तिचा प्रत्येक दिवस चांगलाच असतो. तू गेलास की ती तुला आपण कोण म्हणूनच विचारणार, आणि आता तुला उत्तरही देता येणार नाही.

तुझीच, तुला नकोशी असली तरी सख्खी,
ताई