माझ्या पट्ट्याला वारस नाही

मी, खाली सही करणारी, झाडांवर चढून फांद्या उतरवण्याचा धंदा करणारी बाई, वयानं म्हातारी, शरीरानं आजारी आणि डोक्यानं ठणठणीत, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाला भीक न घालता लिहून ठेवते आहे. दडपण आणायचा प्रयत्न झाला. तो कोणी केला ते पुढे येईलच. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याच डॉक्टरांनी मला जिना चढायची मनाई केली होती. मी जिना चढले नाही. झाड चढले, अडकलेली वाळकी फांदी सोडवली आणि खाली आले. दाखल्यावर सही करताना डॉक्टर मान हलवत होते, पण सही त्यांनी केली.

वकीलसाहेबांचं म्हणणं असं, की मृत्युपत्रात काय आणि कोणाला, एवढंच लिहावं. का, ते लिहायची गरज नसते. मी म्हटलं, "साहेब, मी कारण लिहिलं नाही, तर माझ्या पाठीमागे दुसरंच कोणीतरी सांगत बसेल." त्यांनी हात टेकले.

माझी माणसं दोनच. एक मुलगी. घरात तिला खार म्हणतात, कारण धड चालता येत नव्हतं तेव्हा ती कपाटावर चढून बसली होती. आता तिशी ओलांडली आहे, माझ्याइतकंच काम करते आणि माझ्यापेक्षा कमी बोलते. दुसरे धाकटे दीर, माझे भाऊजी. माझे यजमान गेल्यापासून धंद्याचं ऑफिस भाऊजींकडे आणि झाडावरचं काम माझ्याकडे, अशी आमची वाटणी आहे.

कलम पहिले. राहतं घर आणि खालची कामाची खोली खारीला. खोलीतल्या भिंतीवरच्या लाकडी खुंट्या काढू नयेत. दोर जमिनीवर टाकायचा नाही, उन्हात वाळवायचा नाही आणि चेनसॉच्या तेलाच्या डब्याजवळ टांगायचा नाही, म्हणून त्या खुंट्या तिथे आहेत. वरच्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगतं, त्याला रंधा मारून घ्यावा.

कलम दुसरे. ॲल्युमिनियमची लांब शिडी भाऊजींना. मी चढायला सुरुवात केली तेव्हा ते चार लोकांत म्हणाले होते, "बाईमाणसाला शिडी पुरे, वहिनी. दोराबिराच्या भानगडीत कशाला पडता?" ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. शिडी चांगल्या अवस्थेत आहे, तळाला नवे रबर बसवले आहेत. माझं त्यांच्याशी भांडण आहे, त्यांच्या हाडांशी नाही.

कलम तिसरे. हातकरवती, चेनसॉ, कप्प्या आणि फांद्या खाली सोडायचे जाड दोर, हे सगळं खारीला. करवतींच्या मुठी माझ्या हाताला झिजल्या आहेत, तिनं आपल्या हाताला बसतील अशा बदलून घ्याव्यात. या वस्तू लाकडाचा भार घेतात, म्हणून त्या आईकडून मुलीकडे जायला माझी हरकत नाही. मात्र फांदीचा दोर आणि माणसाचा दोर यांची अदलाबदल मेले तरी चालणार नाही. ओंडक्याचा हिसका खाल्लेला दोर बाहेरून साळसूद दिसतो आणि आतून तुटलेला असतो.

पायात बांधायचे लोखंडी काटेही तिलाच. ते फक्त जे झाड पाडायचं आहे त्याच्यावर वापरायचे. जगणाऱ्या झाडाला प्रत्येक पावलागणिक भोक पाडत जायचं नसतं. शाळेच्या अंगणातल्या मोठ्या झाडाची नुसती छाटणी करायची होती, तेव्हा मी दुसऱ्या कामावर होते आणि भाऊजींनी लवकर आटपावं म्हणून माणसाला काटे घालून वर पाठवलं. झाड शेंड्यापासून वाळत आलं. पुढे ते पाडायचं कामही भाऊजींनाच मिळालं. मुलं रडत होती म्हणे. हे मला अजूनही डाचतं.

कलम चौथे. आता मुख्य गोष्ट. माझा चढायचा पट्टा, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचा हार्नेस, माझा चढायचा दोर आणि त्यांच्या कड्या, या वस्तू मी कोणालाही देत नाही. भाऊजींना नाही, खारीला नाही, ऑफिसच्या काचेच्या कपाटाला तर मुळीच नाही. माझ्यामागे त्या कापून टाकाव्यात.

याचं कारण घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे मूग गिळून आहेत, म्हणून मी लिहिते.

माझे सासरे चामड्याचा पट्टा बांधून चढत. ते गेल्यावर सासूबाईंनी तो कपाटात ठेवला आणि दर महिन्याला बाहेर काढून त्याला तेल चोळलं. मायेनं चोळलं, हे मला मान्य आहे. यजमान धंद्यात उतरले आणि नवा पट्टा आणायचं म्हणाले, तेव्हा घरात रडारड झाली. सासूबाई म्हणाल्या, "बापाचा पट्टा जड झाला का रे तुला?" भाऊजी म्हणाले, "दादा, हा आपल्या घराण्याचा मान आहे." यजमानांना आईचं मन मोडवेना. त्यांनी तो बांधला. चामडं लखलखत होतं. इतकं तेल पिऊन पिऊन आतला शिवणीचा दोरा मात्र कुजला होता. मी खाली दोर सांभाळत उभी होते. टाके उसवल्याचा आवाज मी खालून ऐकला. पुढचं मी लिहिणार नाही.

शेजारच्या शिंपीणबाईंनी नंतर तो पट्टा हातात घेऊन शिवण उलगडली. दोरा त्यांच्या बोटांत पिठासारखा आला. "ताई, मी हा उशीच्या अभ्र्यालासुद्धा वापरला नसता," असं म्हणून त्या माझ्याजवळ बसून रडल्या. भाऊजींनी काय केलं? पट्टा नव्यानं शिवून घेतला आणि ऑफिसच्या भिंतीवर टांगला. दोन पिढ्यांनी बांधलेला पट्टा म्हणून गिऱ्हाइकांना दाखवतात. दुसऱ्या पिढीचं काय झालं ते सांगत नाहीत.

त्यानंतर मी चढायला शिकले, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. पहिला पट्टा घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं एक काउंटरवर टाकला आणि म्हणाला, "घ्या, सगळ्यांना होतो." मी म्हटलं, "मला यातून टांगा." तो म्हणाला, "अहो बाई, दुकानात?" मी म्हटलं, "मग झाडावर गेल्यावर कळलेलं चालेल का?" शेवटी त्यानं छताच्या लोखंडी आढ्याला दोर बांधला. एका पट्ट्यात मांड्या बधिर झाल्या, दुसरा बरगड्यांत घुसला, तिसऱ्यात मी खुर्चीत बसल्यासारखी बसले आणि दुकानदाराला चहा मागितला. तो घेतला. पुढे तो जुना झाल्यावर मीच कापला, त्यानंतरचेही सगळे मीच कापले. कचऱ्यात टाकायचा झाला तरी कापून टाकायचा, नाहीतर कोणीतरी उचलतो आणि बांधतो.

मी आजारी पडल्यापासून भाऊजी रोज येतात. फळं आणतात, ती चांगली असतात. मग विषय काढतात. "वहिनी, कोर्टासमोरच्या त्या उंच झाडाचं काम आपल्याला मिळालंय. खारीचा पट्टा तर बदलायलाच झालाय. तुमचा द्या की तिला. आईचा पट्टा बांधून मुलगी चढते म्हटल्यावर लोक बघायला येतील." मी त्यांना विचारलं, "भाऊजी, तुम्ही विसरलात की तुम्हाला आठवतंय म्हणून बोलताय?" ते आणलेली फळं ताटलीत मांडायला लागले.

त्यांना उत्तर देणं सोपं होतं. पण त्या संध्याकाळी खार माझ्या उशाशी येऊन म्हणाली, "आई, काकांचं सोड. मलाच हवाय तो. तुझा वास येतो त्याला." मला रडू कोसळलं. मी तिला जवळ घेतलं आणि नाही म्हणाले.

खार, हे नीट वाच. त्या पट्ट्यानं कधी हिसका खाल्ला, करवतीचं टोक त्याला कुठे चाटून गेलं, कुठल्या कामानंतर तो ओल्या गाडीत पडून राहिला, हे मला माहीत आहे, कारण त्यात मी होते. तुला फक्त एवढंच माहीत असेल, की तो आईचा आहे. परक्याचा पट्टा असता तर तू त्याचा टाका न् टाका बघितला असतास. आईचा म्हणून तू तो छातीशी धरशील आणि बांधशील. तुझ्या वडिलांनीही तेच केलं होतं. मला ते दुसऱ्यांदा नको आहे. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात ते वकीलसाहेबांनी वर लिहावं, मी इतकंच म्हणते की मला भीती वाटते.

कलम पाचवे. बँकेतली माझी शिल्लक खारीला. त्यातून आधी नवा पट्टा, दोर, कड्या आणि हेल्मेट घ्यायचं, मग बाकीचं काय हवं ते कर, सहलीला जा. पट्टा टांगून घेऊन बघायचा, लाज बाळगायची नाही. चढायचा दोर फार ताणला जाणारा नको, नाहीतर निम्मी ताकद दोर ताणण्यात जाते. कडी अशी घे, की तिचं तोंड आपोआप बंद होऊन कुलूप लागेल. खोडाभोवती टाकायचा आखूड दोर आतून पोलादी तारेचा घे आणि चेनसॉ सुरू करायच्या आधी नेहमी स्वतःला दोन ठिकाणी बांधून घे. पोलादी तार असली म्हणून करवतीनं त्याला माफ केलं, असं समजू नकोस. रोज सकाळी दोर उघड्या बोटांतून सरकवायचा. हातमोजे काढून. जिथे बोट अडेल किंवा दोर मऊ लागेल तिथे थांबायचं, आणि खालून गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी वर जायचं नाही.

कलम सहावे. माझं हेल्मेट शिंपीणबाईंनी कुंडीसाठी मागितलं आहे. द्यावं. आधी तळाला भोक पाडावं आणि मगच द्यावं.

कलम सातवे. ऑफिसची निम्मी जागा माझ्या नावावर आहे. माझा हिस्सा खारीला. वकीलसाहेबांनी नकाशा पाहून खात्री केली आहे, की ज्या भिंतीवर सासऱ्यांचा पट्टा टांगला आहे ती भिंत माझ्या हिश्श्यात येते. पट्टा भाऊजींच्या वडिलांचा आहे, त्यांनी खुशाल न्यावा. भिंतीवरच ठेवायचा असेल तर त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत पाटी लावावी: "या पट्ट्यातून माझा भाऊ पडला." भाऊजी, ही पाटी तुम्ही स्वतः लावलीत, तर माझ्या मनात तुमच्याविषयी काही उरणार नाही. बाकी तुम्ही धंदा चोख सांभाळलात, हे कबूल करायला हवं.

कलम आठवे. काल वरचा मजकूर मी खारीला वाचून दाखवला. चौथ्या कलमापाशी ती उठली. म्हणाली, "तू गेल्यावर बघायला येणार आहेस? मी कापू देणार नाही." मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "कागद करवत चालवत नाही, बाई." हट्ट तिनं माझ्याकडूनच घेतला आहे, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची?

म्हणून चौथ्या कलमातली कापून टाकायची सूचना मी रद्द करते, कारण त्या वस्तू आता नाहीत. आज सकाळी, दोन्ही साक्षीदारांसमोर, कामाच्या खोलीत मी तो पट्टा बांधला. कमरेची कडी घट्ट केली, मांड्यांचे पट्टे सारखे केले आणि तुळईला टांगून घेतलं. पाय जमिनीपासून सुटले. दम लागला होता, पण छान वाटलं, कोणाच्या बापाला भीत नाही असं वाटलं. खार दारात पाठमोरी उभी होती. मग मी उतरले, पट्टा टेबलावर ठेवला आणि हातकरवतीनं आधी पुढचा दुवा, ज्यात दोर अडकवतात तो, कापला, मग कंबर, मग मांड्या. कड्यांची तोंडं साक्षीला आलेल्या करवतवाल्या मेकॅनिकनं यंत्रावर धरून कापली.

दोर मात्र ऐकेना. ढिला दोर करवतीखाली नुसता सरकत राहतो. मी दोनदा प्रयत्न केला, दोनदा करवत घसरली. वकीलसाहेब पुढे व्हायला लागले, तेवढ्यात खार आत आली. दोराचं दुसरं टोक तिनं हाताला गुंडाळलं, पाय रोवले आणि दोर ताणून धरला, मी कापत होते तोवर. शेवटपर्यंत तिनं तो ढिला पडू दिला नाही. डोळे पुसायलासुद्धा हात सोडला नाही.

हे सगळे तुकडे खारीला. त्यांतला सर्वांत लांब तुकडा तिनं आत्ताच घेतला आहे. तो कमरेभोवती पुरत नाही, मी लावून पाहिला.

पाचव्या कलमातली खरेदी माझ्या मरणाची वाट न बघता उद्याच करायची ठरली आहे. मी बरोबर जाणार आहे. दुकान आता वरच्या मजल्यावर गेलं आहे आणि तिथे जिना आहे. डॉक्टरांना कळवू नये.

हे सर्व मी वाचलं, मला मान्य आहे, आणि ज्याला मान्य नसेल त्यानं मी जिवंत आहे तोवर येऊन भांडावं.

सही: झाडवाली बाई
ठिकाण: राहत्या घराची कामाची खोली, करवतीच्या टेबलापाशी
दिनांक: वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे तोच. वारा पडलेला होता.

साक्षीदार पहिला, करवती दुरुस्त करणारा मेकॅनिक: बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि मला करवत कशी धरायची ते शिकवत होत्या.

साक्षीदार दुसरी, शेजारची शिंपीण: सही माझ्यासमोर झाली. कापलेल्या पट्ट्याची शिवण मी उलगडून पाहिली. दोरा एकदम पक्का होता, अजून पुष्कळ चालला असता. मी ताईंना तसं सांगितलं. ताई म्हणाल्या, "माहीत आहे मला. म्हणून तर मी स्वतः कापला."