ओढून नेलेली वीतभर चॅलेंजर रविवारपूर्वी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. नियमपालन अधिकारी (वाहने व परिसर),
लिंडेनरिज टाउनशिप कार्यालय,
लिंडेनरिज, मिशिगन.

अर्जदार : सौ. बर्निस कोवाल्चिक, टॅमरॅक लेन, लिंडेनरिज.

विषय : आमच्या घरून ओढून नेलेले नारिंगी वाहन (लांबी वीतभर, तीही अपुरी) येत्या रविवारपूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस. २) त्याच टपालाने आलेले आपल्याच कार्यालयाचे अभिनंदनपत्र.

महोदय,

१. अर्जदार विनंतीपूर्वक कळविते की, ती लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून आपल्या कार्यालयाशी तिचा संबंध आला तो पानगळीतल्या पाल्याची पोती उचलून नेण्यापुरता. कुणाची तक्रार करण्याचा तिचा स्वभाव नाही. सकाळची रोझरीची जपमाळ, चर्चमधली सातची मिस्सा, शुक्रवारी मांस वर्ज्य आणि खोटे बोलायचे नाही, एवढे तिचे नेम आहेत. शेवटचा नेम तिने ईस्टरपूर्वीच्या एका उपासकाळापुरता धरला होता, तो सुटायचा राहून गेला. या अर्जातील काही मजकूर आपणास अशक्य वाटेल, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

२. अर्जदाराचे पती श्री. लेनर्ड, ज्यांना सारे लेनी म्हणतात, मोटारीच्या कारखान्यातल्या पत्राखात्यातून निवृत्त झाले. निवृत्ती फक्त पगारातून झाली, पत्रा काही सुटला नाही. आमच्या गॅरेजात सन १९७० ची डॉज चॅलेंजर उभी आहे. दोन दारांची, पिकल्या आंब्याच्या रंगाची, बॉनेट उघडले की आत शेजारच्या गावापर्यंत ऐकू जाईल असे इंजिन. ही गाडी आमची नव्हे. ती श्री. आर्वो हायकिला यांची आहे. आर्वो आणि लेनी कारखान्यात एकमेकांना खेटून उभे राहत, एकाच डब्यातले खात आणि दिवसभर एकमेकांना शिव्या देत. आर्वोंची नजर साखरेच्या आजाराने गेली. त्यानंतर वसंतात खुब्याचे हाड मोडले आणि ते टेकडीवरच्या शुश्रूषागृहात खाटेला खिळले. जाताना किल्ली लेनींच्या हातात ठेवून म्हणाले, "ही नीट कर. आणि घाई केलीस तर याद राख."

३. आता नोटिशीचे कारण झालेल्या वाहनाविषयी. लेनींनी आर्वोंसाठी त्याच गाडीची प्रतिकृती केली आहे. मूळ गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाची, प्लास्टिकची, तोच रंग, तोच पोचा, गंज तिथल्या तिथे. गंज करण्याची रीत अशी की तपकिरी रंगावर अर्जदाराच्या स्वयंपाकघरातले मीठ ओलसर भुरभुरायचे, वरून नारिंगी रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ खरडायचे. लेनी थोडे मीठ मुद्दाम तसेच ठेवतात, कारण ते बोटाला लागले पाहिजे. मोठ्या गाडीचा एखादा सडलेला पत्रा कापून नवा जोडला, की लहान गाडीवर तीच जागा घासून गुळगुळीत करायची. दर रविवारी मिस्सेनंतर ती टेकडीवर जाते. आर्वो तिला तळहातावर घेतात, पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात आणि बोटे फिरवत फिरवत आठवड्याचे काम वाचतात. "इथं अजून खरखरतंय लेनी. झोपला होतास काय आठवडाभर?" असे झाले की लेनींचा रविवार सार्थकी लागतो. आमच्या घरात मोठ्या गाडीला थोरली म्हणतात आणि हिला धाकटी. आपणास विनंती की पुढील मजकूर हे ध्यानात ठेवून वाचावा. आपल्या कार्यालयाला हे वेळेवर कळले असते तर पुढचे काही घडले नसते.

४. प्रतिकृती करणाऱ्यांमध्ये एक खोड असते. ते लहान गाडी फळीवर ठेवतात, फळीखाली रंगाचे डबे लावतात, मागे खरे घर, खरी झाडे येतील असा कोन धरतात आणि गवतावर पालथे पडून फोटो काढतात. फोटोत ती गाडी खरी वाटते. लेनींनी धाकटीचा असा फोटो आमच्या हिरवळीवर काढला. पालथे पडलेले लेनी पाहून टपालवाल्याने अर्जदाराला विचारले, "मॅडम, रुग्णवाहिका बोलावू का?" तो फोटो 'आमचे अंगण' या नावाने लेनींनी टाउनशिपच्या दिनदर्शिकेच्या स्पर्धेला पाठवला. एकाच टपालात दोन लिफाफे आले. एकात लिहिले होते की आपला फोटो ऑक्टोबर महिन्यासाठी निवडला आहे, अभिनंदन. दुसऱ्यात लिहिले होते की आपल्या हिरवळीवर गंजलेले, विनानंबर, बंद वाहन उभे आहे, ते हलवावे. पुरावा म्हणून तोच फोटो जोडला होता. लेनी तासभर हसले. अर्जदार हसली नाही. कार्यालयाचा कागद आहे, उत्तर दिले पाहिजे, असे तिला वाटले. तिने फोन केला.

५. फोनवर आपल्याकडील बाई फार सौजन्याने बोलल्या. त्यांच्याविषयी तक्रार नाही. त्यांनी विचारले, "गाडी तुमचीच ना?" अर्जदार म्हणाली, "आमच्याकडेच असते." "चालू आहे?" "नाही हो." "नंबरप्लेट?" "अजून नाही. ते म्हणतात, ती शेवटी लावायची." "हिरवळीवर कशी उभी होती?" "फळीवर. खाली रंगाचे डबे लावले होते." त्या म्हणाल्या, "चाकांवर नाही, डब्यांवर! अहो, हे तर आणखीच वाईट." शेवटी त्यांनी विचारले, "आता कुठे आहे?" अर्जदाराने सांगितले, "स्वयंपाकघरात, खिडकीच्या फळीवर." नंतर त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, घरात आणखी कोणी आहे का तुमच्याबरोबर?" विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे अर्जदाराने खरे उत्तर दिले. गाडी केवढी आहे, हे कोणी विचारले नाही, आणि घरी धाकटी म्हटले की पुरते, म्हणून तिलाही ते सांगायचे सुचले नाही.

६. त्यानंतरच्या शनिवारी गाडी ओढून नेणारे श्री. रॉइस आपला ट्रक घेऊन उजाडताच दारात उभे राहिले. लेनी जुन्या भागांच्या बाजारात थोरलीसाठी बंपर शोधायला गेले होते. अर्जदाराची रोझरी चालू होती, आणि ती संपेपर्यंत बोलायचे नाही असा नेम आहे. तिने हातानेच आत बोलावले, खुर्ची दिली, बटाटा भरलेल्या पिएरोगी, म्हणजे आमच्याकडच्या उकडलेल्या करंज्या, गरम करून पुढे ठेवल्या आणि मणी ओढत राहिली. रॉइस म्हणाले, "मॅडम, तुम्ही पहिल्याच, ज्या मला शिव्या देत नाहीत. देव तुमचं भलं करो." त्यांनी गॅरेजात जाऊन थोरली पाहिली. तिला जुन्या गाड्यांची रीतसर नंबरपाटी आहे. टोपी काढून म्हणाले, "हिला हात लावला तर पाप लागेल. आणि कागदावर तर विनानंबर म्हटलंय." मग खिडकीत धाकटी दिसली. त्यांनी नोटिशीचा फोटो तिच्याशेजारी धरला. पोचा जुळला. गंज जुळला. अर्जदाराने दोन्ही हात जवळ आणून 'लहान आहे, लहान' अशी खूण केली. त्यांना वाटले, थोडे थांबा म्हणते आहे. म्हणाले, "थांबून कसं चालेल मॅडम? मागच्या खेपेला रिकामा परत गेलो तर साहेबांनी माझी सगळ्यांसमोर हजामत केली. कागदावर नारिंगी, दोन दारी, विनानंबर लिहिलंय. केवढी ते कुठं लिहिलंय?" त्यांनी धाकटीला ट्रकच्या पाठीवर ठेवले, पट्टा आवळला आणि नियमाप्रमाणे खाली वाकून तिचा फोटो काढला. अर्जदार शेवटच्या दहा मण्यांवर होती. 'आमेन' म्हणून ती धावत बाहेर आली तेव्हा ट्रक कोपऱ्यावर वळत होता. महोदय, आपल्या दप्तरी तो फोटो असेल. तो खालून काढल्यामुळे त्यातही धाकटी खऱ्या गाडीसारखीच दिसत असणार. तेव्हा अर्जदाराचे म्हणणे पटत नसल्यास त्यात आपला दोष नाही.

७. लेनी बाजारातून रविवारी रात्री परतले, त्यामुळे त्या रविवारची टेकडीची खेप चुकली; सोमवारी ते आपल्या जप्तीच्या आवारात गेले. धाकटी तिथे दोन खऱ्या गाड्यांच्या मधोमध, पांढऱ्या रेषांच्या चौकटीत, नियमानुसार उभी होती. तेथील गृहस्थ म्हणाले, "सोडवायला मालकीचा कागद लागेल, विमा लागेल, आणि बंद गाडी आवाराबाहेर ओढूनच न्यावी लागेल." लेनी म्हणाले, "भल्या माणसा, मी खिशात घालून नेतो." त्यावर ते म्हणाले, "विमा नसलेलं वाहन खिशातून नेता येत नाही. माझ्यावर का ओरडता? नियम मी केले का?" लेनी नको ते बोलले, त्याबद्दल अर्जदार त्यांच्या वतीने क्षमा मागते. मग त्या गृहस्थांनी भिंग आणून मालकाचा शोध घेतला. लेनींनी हौसेने धाकटीच्या काचेखाली सुईने थोरलीचा चासी क्रमांक कोरला आहे. तो त्यांना सापडला. तो आर्वोंच्या नावावर निघाला. रीतीप्रमाणे आर्वोंना पत्र गेले की आपली १९७० ची चॅलेंजर जप्त असून मुदतीत न सोडविल्यास दाबयंत्रात घालण्यात येईल.

८. खरे दुःख इथे आहे. ते पत्र शुश्रूषागृहातल्या परिचारिकेने आर्वोंना वाचून दाखवले. पुढच्या रविवारी आम्ही रिकाम्या हातांनी गेलो. आर्वो भिंतीकडे तोंड करून पडले होते. अर्जदाराने सगळे सांगितले, वर लिहिले आहे तसेच: थोरली गॅरेजात सुखरूप आहे, धाकटीला ट्रकवर घालून नेले, रोझरी संपेपर्यंत आपल्याला बोलता आले नाही. आर्वो म्हणाले, "बर्निस, वीतभर गाडीला ट्रक आला? पट्टा आवळून नेली? तुला आयुष्यात खोटं बोलता आलं नाही, आणि या वयात सुरुवात केलीस ती माझ्यापासून." मग लेनींना म्हणाले, "विकलीस ना? गॅरेजातली गाडी जप्त होत नसते, घेणाऱ्यानं रस्त्यावर टाकली असणार. सरळ सांग. निदान कुणाला विकलीस तेवढं सांग." लेनी पुढच्या वेळी थोरलीच्या दाराची मूठ काढून घेऊन गेले. आर्वोंनी ती चाचपली आणि म्हणाले, "विकताना एवढी ठेवून घेतलीस होय, आठवण म्हणून?" दुकानातून तशीच दुसरी प्रतिकृती आणून दिली, तर बोट पुढच्या जाळीवर जाताच त्यांनी ती परत केली. "ही एकाहत्तरची आहे. हिच्या जाळीचे दोन भाग आहेत. माझ्या डोळ्यांनी दगा दिला रे, बोटांनी नाही." त्यांना थोरलीपर्यंत न्यावे तर डॉक्टर खाटेवरून हलवू देत नाहीत. लेनी आता गॅरेजात जातात, दिवा लावतात आणि अवजाराला हात न लावता बसून राहतात. मागच्या रविवारी परिचारिकेने आम्हाला दारातच थांबवले. म्हणाली, "ते म्हणतात, पाहुणे नकोत. तुम्ही दोघं तर नकोतच."

९. महोदय, अर्जदाराने आजवर खरे बोलण्याचा नेम पाळला तो एवढ्याच हिशेबाने, की एखाद्या दिवशी कुणाला आपला शब्द लागलाच तर तो चालावा. तो दिवस आला आणि शब्द चालला नाही. खरे होते, पण कुणालाही खोटेच वाटेल असे होते. आता आर्वोंचा विश्वास बसला तर त्यांच्या बोटांवर बसेल, आणि बोटांना हवे ते आपल्या आवारात पांढऱ्या चौकटीत उभे आहे. तरी विनंती की :

(अ) धाकटी येत्या रविवारपूर्वी अर्जदाराच्या हाती द्यावी. ती ओढूनच न्यायची असल्यास लेनी दोरी बांधून ओढत नेण्यास तयार आहेत. दोरी घरची आहे.

(ब) नियमांमुळे ती सोडता येत नसल्यास, तिचा ताबा टाउनशिपकडेच ठेवून आपण स्वतः रविवारी मिस्सेनंतर टेकडीवर यावे आणि एक 'नमो मारिया'ची छोटी प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ तिला आर्वोंच्या तळहातावर ठेवू द्यावे. आपण ती आणली म्हटल्यावर ते आत येऊ देतील. आपण सरकारी माणूस आहात, हे त्यांना आपल्या आवाजावरून कळेलच. काही सांगावे लागणार नाही.

(क) दाबयंत्राची तारीख पुढे ढकलावी.

आपल्या कामाचा व्याप अर्जदार जाणते. श्री. रॉइस यांना या प्रकरणी बोल लावू नये. त्यांनी पट्टा फार जपून आवळला होता. त्यांचे आणि आपले नाव तिने सकाळच्या जपात घेतले आहे, गाऱ्हाणे म्हणून नव्हे.

रविवारची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
सौ. बर्निस कोवाल्चिक
लिंडेनरिज, बुधवार, २ ऑक्टोबर

सोबत :
१) आपले अभिनंदनपत्र. दिनदर्शिकेत फोटो छापण्यास हरकत नाही.
२) धाकटीचा जुना फोटो, शेजारी मिठाची बरणी. आकाराचा अंदाज यावा म्हणून.
३) धाकटीचे पुढचे डावे चाक, शर्टाच्या बटणाएवढे. पट्टा आवळताना निखळले असावे, आमच्या दारात सापडले. ते दप्तरी न लावता, गाडी आर्वोंच्या हाती देण्यापूर्वी नुसते दाबून बसवावे. ते तिथूनच सुरुवात करतात.