पेल्यावरचा चमचा

दिग्रस, मंगळवार, संध्याकाळ

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगवायू होऊन चार महिने झाले. वाचा गेली ती गेलीच. तहान लागली तरी हाक मारता येत नाही, नुसते दाराकडे पाहत बसतात.

परवा यांचा व्हिडिओ कॉल आला. हे ज्या जहाजावर नोकरीला आहेत, ते मेक्सिकोच्या वेराक्रूझ बंदरात लागलंय. हे तिथल्या जुन्या कॉफीच्या दुकानात बसले होते. तिथे कॉफीत दूध हवं असलं की गिऱ्हाईक ग्लासवर चमचा वाजवतं, मग वाढपी केटली घेऊन येतो. पूर्वी एक ट्रामवाला घंटी वाजवून कॉफी मागवायचा, त्यावरून ही रीत पडली म्हणे.

"बाबा, तुम्हीबी वाजवून पाहा न," हे हसत म्हणाले. मला रागच आला. आजारी माणसाची काय थट्टा?

आज दुपारी मी मागे कपडे वाळत घालत होते, तर टण टण. मामाजी डाव्या हाताने स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवत होते. धावत गेले. चहा दिला, तर मानेनं नाही म्हणाले. पाणी? तेही नाही.

"मंग काय पाहिजे, मामाजी? मले समजून नाही राह्यलं."

त्यांनी चमच्याने समोरची खुर्ची दाखवली. मी बसले. गल्लीतल्या लग्नाचं, कापसाच्या भावाचं, सुचेल ते सांगत राहिले. ते ऐकत होते. तासभर तरी गेला असेल.

त्यांचं औषध, अंघोळ, जेवण मी एकदाही चुकवलं नाही. पण त्यांच्याजवळ नुसती बसले होते का कधी? आठवून पाहिलं. नाही.