मागची सोंगटी

सोम. ३ नोव्हेंबर
मागल्या आठवड्यात इथं लिहिलेलं एक वाक्य चुकीचं आहे. लातूरविरुद्धचा दुसरा गोल शीतलच्या ढिलाईनं झाला, असं लिहिलंय. आज मोबाइलवर सामना परत पाहिला. शीतल जागेवर होती. आमच्या गोलकीपरनं चेंडू हातातून सोडायच्या आधीच लातूरची सात नंबर निघाली होती, जिथं चेंडू पडणार त्या जागेकडे. फुटसालमध्ये, म्हणजे आमच्या पाच-पाच जणींच्या फुटबॉलमध्ये, गोलकीपरला चारच सेकंद मिळतात. एवढ्यात अंदाज बांधून कुणी असं बिनधास्त धावत नाही. तिला माहीत होतं.
शीतलची माफी मागायची. तिला काही बोलले नव्हते, पण मनात धरलं होतं.

मंगळ. ४
आमच्या संघातल्या नुसरतच्या मोठ्या बहिणीचं सासर लातूरला. ही अधूनमधून जाते. त्या दिवशी सामना संपल्यावर सात नंबरबरोबर एकाच पाकिटातला चिवडा खात बसली होती. दोघी हसत होत्या. मी जवळ गेले तर गप्प. म्हणजे, गप्प झाल्यासारखं वाटलं.
आमच्या कोच सरांना सांगितलं, की नुसरत आमच्या चाली तिकडं सांगत असावी. मी "मला वाटतं" असं म्हणाले, "तिनंच केलं" असं नाही. सर म्हणाले, "चिवड्यावरून काय कळतंय? पण ध्यान ठेव."

बुध. ५
सराव. चौकट परत घोटली: एक मागं (मी), दोन कडेला, एक पुढं. पास दिला की जागा सोडायची, दुसरीनं ती भरायची. मुली पास देतात आणि स्वतःचा पास बघत उभ्या राहतात. ओरडून घसा बसला. नुसरतवर तेवढं ओरडावं लागत नाही. चेंडू तळव्याखाली धरून थांबते, समोरची पुढं आली की डाव्या पायानं निघून जाते. हे तिला कुणी शिकवलं, माहीत नाही.
रविवारी लातूरशी इथं सरावाचा सामना आहे. सराव संपल्यावर तिला एकटीला गाठलं. म्हणाले, "रविवारी चेंडू रेषेबाहेर गेला की आपल्या किक-इनला मी हलणार नाही, मागंच थांबणार." खोटं होतं. लातूरनं मला मोकळं सोडलं तर समजायचं, हिनंच सांगितलं.
"बरं दीदी," म्हणाली. का, कशाला, काही विचारलं नाही. खोटं बोलून वाईट वाटलं. मग वाटलं, विचारलं कसं नाही?

गुरु. ६
बाबांनी कॅरम काढला. काळ्या सोंगट्या लातूर, पांढऱ्या आम्ही, राणी म्हणजे चेंडू. पाढे घरीच शिकले, खेळही याच बोर्डावर. बाबांवर शंका घ्यायची सवयच नाही.
डाव्या बाजूची नवी किक-इन बसवली. पुढच्या दोघी आपल्या बाजूला धावत येतात, त्यांच्यामागं लातूरच्या दोघी ओढल्या जातात, आणि मी मागून सरळ लांबच्या खांबाकडे. बाबा म्हणाले, "मागच्या सोंगटीकडं कुणाचं ध्यान नसतं बघ. सगळे राणीकडं बघून राहिले."
मुलींना सामन्याच्या तोंडावरच सांगायचं ठरवलं. सरांनाही तेव्हाच.

रवि. ९
हरलो.
पण लिहायचं ते वेगळंच. नुसरतला सांगितलेल्या थापेला कुणी भुललं नाही. मला मोकळं सोडलं नाही. उलट पहिल्याच किक-इनला मी निघाले तर सात नंबर माझ्या वाटेत उभी. दुसऱ्यांदाही. मुलींना नवी चाल बूट बांधताना सांगितली होती, त्यानंतर कुणी कुठं गेलं नाही. त्याआधी ती दोघांनाच माहीत होती. मला आणि बाबांना.
लातूरचा कोच म्हणजे माझा चुलतभाऊ अभयदादा. सगळा वेळ हाताची घडी घालून उभा. एकदाही ओरडला नाही. ओरडायची गरजच नव्हती.
जाताना म्हणाला, "लई चांगली धावलीस गं. काका बरे हायत ना?"
बरे आहेत, म्हणाले. बाबा प्रेक्षकांत त्याच्याच बाजूला बसले होते.

सोम. १०
सरांनी ठरवलं. येत्या रविवारी लातूरला स्पर्धा, तिथं नुसरत बाकावर. "एकदा झालं, दोनदा झालं. आता न्हाई."
विभागाचे निवड करणारे त्याच दिवशी येणार. खेळलेल्या मुलीच बघणार. नुसरतच्या घरी सांगितलंय, यंदा निवड झाली तर खेळ, नाहीतर बास.
मला तेव्हाच बोलायचं होतं. ती नाही सर, मी तपासून बघितलंय. मग ते विचारणार, तपासून म्हणजे? आणि मग कोण?
घरी आले तर बाबा गॅलरीत फोनवर. "तुला काय सांगायचं, तू पण इथंच शिकलास की." मला बघून, "बरं, ठेवतो."
"कोण होतं?"
"अभय."
लपवलं नाही. याचाच जास्त त्रास झाला.

मंगळ. ११
दोन्ही बाजू लिहून बघते. बाबांनी सांगितलं असेल. किंवा दादानं ओळखलं असेल. कॉलेजची तीन वर्षं तो आमच्याकडे राहिला, याच बोर्डावर बसला. बाबा दर वेळी मागचीच सोंगटी मोकळी करतात, हे त्याला पाठ असणार. गोलकीपरचा चेंडूही आम्ही बाबांनी सांगितलेल्या जागीच टाकतो.
आईला सहज म्हटल्यासारखं विचारलं, बाबा दादाशी काय बोलतात एवढं?
"खेळाचंच. दुसरं काय हाय दोघांकडं? परवा मीच म्हणलं, पोरीचं तिकडं कशाला सांगता? तर म्हणे, खेळ काय कुलपात ठेवायची चीज हाय का?"
म्हणजे सांगितलं? की नुसतं बोलणं? आईला पुढं विचारलं नाही.

बुध. १२
नुसरत आली. "दीदी, सरांनी मला बसवलं. तुम्हाला कायतरी माहीत हाय ना?"
"सरांना विचार," म्हणाले. हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.
"विचारलं. म्हणले, तुझं तुला माहीत." मग हसली. "मला तर कायच माहीत न्हाई."
नंतर ती भिंतीवर चेंडू मारत राहिली. डावा, डावा, डावा. मी सरावाचे कोन गोळा करायचं निमित्त करून तिथंच रेंगाळले. रविवारसाठी नवी चाल शोधत होते, जी दादाला ओळखता येणार नाही. एकही सुचेना. जे सुचतं ते सगळं बाबांचं. त्यांनी न शिकवलेलं माझ्याकडे काय आहे?

गुरु. १३
सर धर्माबादला लग्नाला. उद्या रात्री परत येणार. फोनवर सांगण्यासारखं नाही.
बाबांना आधी विचारावं का? विचारलं तर खरं सांगतील. ते खोटं बोलत नाहीत, म्हणून तर भीती वाटते. हो म्हणाले तर ते सरांसमोर मला म्हणावं लागेल, नाव घेऊन. न विचारता गेले, तर फक्त शंका घेऊन जाईन. नुसरतच्या वेळी तेच केलं होतं.
म्हणजे विचारावं लागेल. रविवारी ते आमच्याच गाडीनं लातूरला येणार आहेत. आई दशम्या करणार म्हणतेय.
उद्या शुक्रवार. संध्याकाळी, चहाच्या वेळी, बाबांना.
शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळी, मुली यायच्या आधी, सरांना. बाबांचं उत्तर काहीही येवो.