बँडेजमधली सेलेस्त

८ जानेवारी १९९६, सोमवार

सुट्टी संपली, शूटिंग सुरू. नव्या वर्षाचे संकल्प आजपासून. (एक तारखेला अंग दुखत होतं.) गोड बंद. रोज पहाटे टेकडीवर चालायला जाणं. आणि यंदा गप्प बसायचं नाही.

सोळा वर्षं मी सेलेस्त हार्ग्रोव्ह आहे. चार लग्नं, दोन खुनांचे आरोप, एकदा स्मृती गेली, एकदा जुळी बहीण उगवली, तीही मीच. मालिका माझ्यावर चालते, हे दुपारी टीव्ही लावणाऱ्या कुणालाही विचारा. आणि माझ्या ड्रेसिंग रूमला खिडकी नाही! मार्चअखेर करार संपतो. नव्या करारात पगारवाढ पाहिजे, खिडकी पाहिजे, आणि क्लेचं भाषण चालू असताना मला फुलदाणीमागे उभं करायचं नाही. क्ले म्हणजे पडद्यावरचा माझा सध्याचा नवरा. कॅमेऱ्याकडे बघून रडतो, माझ्याकडे बघून कधीच नाही.

एजंट आयरा म्हणाला, दाखवतील तिथे सही कर आणि घरी जा. आयराला महत्त्वाकांक्षाच नाही.

सेटवर डोनट होते. अर्धाच खाल्ला. उरलेला अर्धा वाया जाऊ नये म्हणून खाल्ला.

९ जानेवारी

चालणं: नाही. धुकं होतं.

आईचा फोन. आई पूर्वेकडे टोलेडोला असते. तिथे मालिका दुपारी एकला लागते तेव्हा आमच्या लॉस एंजेलिसला सकाळचे दहा. त्यामुळे आईचं मत आधी कानावर येतं आणि माझं काम मी नंतर बघते. आज म्हणाली, मान फार हलवतेस. शेजारच्या तिघी तिच्याकडे येऊन बसतात, ती त्यांना कॉफी आणि केक देते. बाबा गेल्यापासून तिचा दिवस या एका तासाभोवती फिरतो. माझी मुलगी रोज घरी येते, असं सांगते लोकांना. ते ऐकलं की मला गलबलून येतं. पगारवाढसुद्धा क्षणभर विसरते.

१२ जानेवारी, शुक्रवार

ग्वेनला भेटले. ग्वेन प्रॅट, आमची निर्माती. सगळ्या अटी ठणकावून सांगितल्या. ती चकार शब्द बोलली नाही. पटलं की माणूस असाच गप्प होतो. आयराचं म्हणणं, मनात काही ठरवत असला की माणूस असा गप्प होतो.

चालणं: नाही. ग्वेनसाठी ताकद राखून ठेवली.

१७ जानेवारी

नवीन सीन हातात आले. सेलेस्तची गाडी कड्यावरून खाली. इस्पितळ. बेशुद्ध.

आमच्या धंद्यात कराराची बोलणी सुरू झाली की पात्र बेशुद्ध पडतं. बोलणी जमली तर शुद्धीवर येतं, फिसकटली तर फोटोला हार. दुपारी एकेक जण येऊन मला मिठी मारून गेला. क्लेने तर दोनदा मारली. सगळ्यांना वाटतंय मी घाबरले असेन.

गेल्या साली क्लेची पडद्यावरची मुलगी वरच्या खोलीत अभ्यासाला गेली आणि जिना उतरून आली ती दुसरीच पोरगी. एपिसोडच्या सुरुवातीला फक्त एक आवाज म्हणाला, आजपासून ही भूमिका अमुक करतील. झालं. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी केक खाल्ला. पण ती पोरगी होती. मी सेलेस्त आहे. नुसती झोपूनसुद्धा खाऊन टाकीन सगळ्यांना.

१९ जानेवारी, सकाळ, टबात

सुचलं!

बेशुद्ध बाई पडून राहणार, डोळे मिटलेले. त्यात अभिनय कुठे दिसणार? त्यापेक्षा ती शुद्धीवर हवी, पण बोलता येत नाही. आणि सगळा चेहरा बँडेजमध्ये! फक्त डोळे उघडे. सोळा वर्षं लोकांनी माझा चेहरा बघितला, आता डोळे बघतील. यंदाचं अभिनयाचं बक्षीस कुणाच्या बापाला चुकवता येणार नाही.

दुपारी

ग्वेनला सांगितलं. सोळा वर्षांत ही बाई माझ्यासमोर हसली नव्हती. आज हसतहसत उठून उभी राहिली. विचारलं, पूर्ण चेहरा? म्हटलं, पूर्ण. नाकसुद्धा? म्हटलं, नाकसुद्धा. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, ही कल्पना तुझी होती हे मी सगळ्यांना सांगेन. शेवटी गुणांची कदर होतेच.

आयराला फोन केला. त्याने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्याने विचारलं, सकाळपासून काही प्यायली आहेस का.

२५ जानेवारी

बँडेजचा पहिला दिवस. प्रचंड खाज. जेवता येत नाही, स्ट्रॉने मिल्कशेक घेतला. पातळ पदार्थ गोडात धरायचे नाहीत असं ठरवलं.

डोळ्यांतून एकाच शॉटमध्ये पश्चात्ताप, क्षमा आणि थोडीशी वासना दाखवली. दिग्दर्शकाने विचारलं, झोप येतेय का, कॉफी सांगू? अभिरुची म्हणून काही राहिलीच नाही या क्षेत्रात.

क्ले माझ्या हातावर डोकं ठेवून दिवसभर रडला. म्हणाला, तुझ्याबरोबर काम करायला इतकी मजा कधी आली नव्हती. चांगला माणूस आहे तसा.

७ फेब्रुवारी

आज बोलावलं नव्हतं, तरी गेले. माझ्या पलंगावर, माझ्या बँडेजमध्ये, कपडेपटातली एक मुलगी! मला विश्रांती मिळावी म्हणून, असं ग्वेन म्हणाली. मॉनिटरवर बघितलं तर मलाही क्षणभर ती मीच वाटली. पण मी ग्वेनला लगेच दाखवून दिलं, डोळे बघ, डोळ्यांवरून कळतंय. ती म्हणाली, खरंच की, बरं झालं सांगितलंस.

८ फेब्रुवारी

सेलेस्तच्या डोळ्यांना सूज आली. आता डोळ्यांवरही बँडेज.

आधी चिडले. मग विचार केला, उजव्या हाताची बोटं उरली आहेत. बोटांनी अख्खी व्यक्तिरेखा उभी करणारी मी पहिलीच. घरी आरशासमोर सराव. करंगळीत दुःख उत्तम येतं.

१३ फेब्रुवारी

आईचा फोन. म्हणाली, काल बोट काय हलवलंस ग, शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं चांगलं काम तू आजवर केलं नव्हतंस.

मी गेल्या गुरुवारपासून घरी आहे. ते बोट माझं नव्हतं. थँक्यू म्हणाले.

डोनट: सांगण्यासारखं नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

अजून बोलावणं नाही. वेळ सत्कारणी लावायचा म्हणून आत्मचरित्र सुरू केलं. मुखपृष्ठावर कुठला फोटो टाकायचा यात आठवडा गेला.

दुकानात द्राक्षं घेताना एका बाईने ओळखलं. विचारलं, बँडेज कधी सुटणार? म्हटलं, मे महिन्यात, तेव्हा चॅनेलवाले प्रेक्षक मोजतात, मोठे धक्के तेव्हाच देतात. मग म्हणाली, तेव्हा तुम्ही वेगळ्या दिसाल का हो? भाबडी असतात माणसं. तिला सही देऊन टाकली.

१२ मार्च

कराराबद्दल विचारायला स्टुडिओत गेले. ग्वेन मीटिंगमध्ये. बाहेर बाकावर मुलींची रांग. सगळ्या उंच, सगळ्या तांबड्या केसांच्या. विचारलं तर म्हणाल्या, नर्सच्या भूमिकेसाठी. ग्वेनच्या मनात तांबड्या केसांची नर्स का आली असेल? माझ्या तांबड्या केसांना शोभेल अशी हवी असणार.

त्यातली टेसा नावाची मुलगी लाघवी निघाली. मला बघून उठून उभी राहिली. लहानपणापासून बघते तुम्हाला, म्हणाली. (लहानपण नको होतं.) सेलेस्त दारात कशी थांबते, भुवई कशी उचलते, ग्लास कसा धरते, सगळं विचारून घेतलं. मी तिला पॅसेजमध्ये तासभर चालवलं. शेवटी शेवटी तिला इतकं जमायला लागलं की रांगेतल्या बाकीच्या मुली पर्स उचलून निघून गेल्या. हाडाची शिक्षिका आहे मी. नर्सच्या भूमिकेला एवढा अभ्यास करणारी पोरगी आजकाल कुठे मिळते?

१ एप्रिल

आयराचा फोन. करार काल संपला. नवीन पाठवणार नाहीत.

वाटलं, एक एप्रिल आहे म्हणून चेष्टा करतोय. तसं म्हणालेही. तो हसला नाही. मी म्हटलं, त्यांना करताच येणार नाही, बँडेजच्या आत कोण आहे? मी आहे!

“डार्लीन,” तो म्हणाला, “अगं बाई, बँडेजच्या आत कोण आहे ते बँडेज सोडणारा ठरवतो.”

मग म्हणाला, नर्स वगैरे कुणी नव्हती. माझ्याशिवाय हे सगळ्यांना ठाऊक होतं म्हणे.

फोन ठेवला आणि रडले. खूप रडले. नाकातून आवाज येतो माझ्या, सेटवर कधी येऊ दिला नव्हता.

४ एप्रिल

विचारान्ती असं दिसतं की हे चांगलंच झालं. आता सिनेमे. आयराला तसं कळवलं. त्याने एक जाहिरात आहे म्हणून सांगितलं. गुडघेदुखीचं मलम. गुडघाच दिसणार, चेहरा नाही. नकार दिला.

आईला सांगायला हवं. उद्या सांगते.

५ एप्रिल

आईला फोन केला. शेजारणीच्या मोतीबिंदूबद्दल बोललो. सोमवारी सांगते.

२२ एप्रिल

स्टुडिओवर गेले. माझी ड्रेसिंग रूम रिकामी करायची होती. फाटकावरच्या माणसाने नेहमीसारखी हाक मारली, कार्डावर मात्र ‘पाहुणे’ लिहिलं. खोलीत टेसा होती. ती रडली, मला मिठी मारली, सगळं तुमच्यामुळे म्हणाली. रागावावं तर तिने ग्लास धरला होता तो नेमका माझ्यासारखा.

तिला दुसरी खोली देणार आहेत. खिडकीची.

९ मे

आईला फोनवर सांगावं लागू नये असा मार्ग काढला. तिला म्हटलं, सतरा तारखेचं विमानाचं तिकीट पाठवते, त्याच दिवशी सकाळी निघ. म्हणजे बँडेज सुटताना ती हवेत असेल. मग इथे आली की जवळ बसून नीट सांगीन.

आई म्हणाली, मला वेड लागलंय का? सतराला बँडेज सुटतंय. वीसजणी येणार आहेत, तीन केक करतेय.

तिकीट काढलं नाही.

१६ मे

आज आईला सांगायचंच, असं ठरवून बसले. तीनदा नंबर फिरवला, एंगेज. ती बायकांना आमंत्रणं करत होती.

१७ मे, शुक्रवार

सकाळी दहा. टोलेडोत एक वाजला. फोनजवळ बसून राहिले. तिथे आता तो आवाज म्हणत असेल, सेलेस्त हार्ग्रोव्हची भूमिका आजपासून… त्यापुढचं मनातही म्हणवेना. वीसजणींसमोर आईचं काय होत असेल! ठरवलं, ती रडली तर म्हणायचं, आई, उलट आता मी मोकळी आहे. रोज फोन करीन. रोज एकला, त्याच वेळेला, तासभर बोलू आपण.

अकरा वाजून गेले तरी फोन नाही. साडेअकराला मीच केला. मागे बायकांचा गलका, बशांचा आवाज. आई म्हणाली, कळलं ग मला, तो माणूस बोलला सुरुवातीलाच. वाईट वाटलं. नीट खात जा. मी माझं ठरवलेलं सगळं बोलून दाखवलं. रोज एकला फोन करीन, म्हटलं.



“दोनला कर,” आई म्हणाली. “एकला सेलेस्त असते.”

दहा मिनिटांनी आयराला फोन करून गुडघ्याचं विचारलं. ती जागा भरली आहे.