भाऊजींचा कीबोर्ड मी तपासला, त्याची हकिगत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा ऑफिसातून नमस्कार. (हातानं लिहिलंय, अक्षराला हसू नकोस.) तुझी कंबर कशी आहे? पोरीचा खोकला थांबला का? मी बरा आहे, डोकं सोडून. फोन केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस.

मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे सोमवारी ठरणार, हे तुला माहीतच आहे. त्याआधी साहेबांनी मला भाऊजींनी लिहिलेला कीबोर्डचा ड्रायव्हर तपासायला दिला. ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे गं. कुठलं बटण दाबलं हे कॉम्प्युटरला सांगणारा कोड. तो पार आत, कर्नेलमध्ये म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यात बसतो (तुमच्या घरात सासूबाई बसतात तसा, तिथे बिनसलं की सगळ्यांचंच बिनसतं).

आणि चूक सापडली की! बटण दाबलं हे कोड सांगतो, सोडलं हे सांगायचं विसरतो. पण भाऊजी आणि विसरणार? ते तर कुलूप ओढून बघतात आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन पुन्हा ओढतात. वाटलं, मीच गाढव. म्हणून खात्रीसाठी तो ड्रायव्हर माझ्याच मशीनवर चढवला आणि एक अक्षर दाबलं. ताई, ते थांबेचना! पानंच्या पानं भरत गेली. मी आनंदानं टेबलावर थाप मारली. मग हरकत लिहायला बसलो आणि लक्षात आलं, आता लिहायचं कशानं?

दुसरा कीबोर्ड जोडला, तोही तसाच. (रोग रेड्याला, इलाज पखालीला.) मशीन बंद करून चालू करावं, तर पासवर्ड टाइप करावा लागणार. शेजारची बाई तिच्या मशीनला हात लावू देईना. म्हणे, तुमच्या घरच्या भांडणात मी नाही. साहेबांकडे धावलो, तर ‘तोंडी नको, कागदावर नको, मशीनवर लिहून टाक.’ आमचा रिवाजच असा, ऑफिस सुटेपर्यंत लेखी हरकत आली नाही तर काम मंजूर. शेवटी हरकती लिहायच्या पानावरचेच शब्द माउसनं उचलून चिकटवायला लागलो. पण तिथे सगळ्यांनी भाऊजींना नुसतं ‘सुंदर’, ‘व्वा’, ‘उत्तम’ लिहिलेलं. त्यातून हरकत कशी जुळवू, कपाळ? ऑफिस सुटलं, काम मंजूर झालं. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. ती शाबासकी होती की दुखवटा, मला अजून कळलेलं नाही.

पोरीला पापा.

तुझा,
गोंधळलेला भाऊ

ता. क. खरं काम हे: जेवताना भाऊजींना ही चूक सुचव, पण त्यांची त्यांनाच सापडली असं वाटू दे. तुला जमतं ते. जुना सोफा काढायचं त्यांनाच सुचलं होतं ना? पत्र त्यांच्या डब्याच्या पिशवीतून पाठवतोय. पिशवीत ते कधी बघत नाहीत.

आणखी ता. क. वरचं सगळं रद्द. पिशवीपाशी गेलो तर भाऊजी तिथेच उभे. म्हणाले, चूक त्यांनी मुद्दाम ठेवली होती. साहेबांना छातीठोक सांगितलं होतं, माझा मेहुणा पकडेलच. मला सापडली होती म्हटलं, तर ‘असू दे, असू दे’ म्हणून खांद्यावर हात ठेवला. ताई, नारळ मिळाला तर दुसरी नोकरी बघीन, पण तो हात मला सोसवत नाही गं. माझं मशीन त्यांच्या ड्रायव्हरसकट चालूच ठेवलंय, चूक पकडल्याचा तोच पुरावा. त्यांना म्हणावं, जाऊन एक बटण दाबून या. मी सांगितलं तर ‘असू दे’ म्हणतात. तू सांगितलंस तर बूट घालतील.